संत्र्याचं झाड काढलेली भिंत

सरकारनं मला सल्लागार नेमल्याचं पत्र घरी आलं तेव्हा आमचे हे चहा पीत होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी तुझे सल्ले ऐकले. आता सरकार ऐकणार म्हणते. बिचारं सरकार!" मी त्यांच्या पुढची चिवड्याची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. माझा स्वभाव असाच आहे, लपवण्यात काही अर्थ नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्म घालवला, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि आवाज जो चढला तो निवृत्त व्हायला काही तयार नाही.

ज्या मंडळावर मला घेतलं त्याचं नाव एवढं लांब, की पाटीवर दोन ओळी लागतात. काम मात्र एका वाक्याचं. सरकारी शाळांच्या खोल्या बांधायला राज्याकडून दरवर्षी पैसा येतो. तो कायम कमी असतो आणि पडायला आलेल्या शाळा कायम जास्त. मग आधी कोणाची खोली बांधायची, हे आम्ही सांगायचं. सांगायचंसुद्धा नाही, नुसतं सुचवायचं, कारण सल्लागार ना आम्ही! सही दुसरेच करणार. पण आम्ही ज्या शाळेचं नाव यादीतून काढलं तिच्याकडे पुढं कितीतरी वर्षं कोणी ढुंकून पाहत नाही, हे मला नोकरीत असल्यापासून माहीत होतं. म्हणून मी त्या खुर्चीवर जरा सावरूनच बसायची.

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका उंच छताच्या जुन्या खोलीत आमची बैठक भरे. विदर्भातल्या शाळा प्रत्यक्ष पाहायचं काम आम्हा तिघांकडे होतं. एक आमचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर. बोलायला कंजूष आणि चालायला उदार. मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत यायचे आणि तिथून डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात पायी. लोकांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला दोऱ्याला बांधलेलं पितळी वजन सोडतात ना, तोच. आणि त्यांचा एक हट्ट होता: कागद कितीही येवोत, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुचवायचं नाही. या हट्टापायी आम्ही किती धूळ खाल्ली ते आमच्या जीपलाच विचारावं. मी त्यांच्याशी प्रत्येक बैठकीत भांडले, आणि ज्या बैठकीला ते आले नाहीत तिथं मला करमलं नाही.

दुसरे आमचे लेखाधिकारी साहेब. राहायला नागपूरला लागून असलेल्या वाडीला, ट्रकांच्या आणि गोदामांच्या गर्दीत, त्यामुळे बोलणं नेहमी हॉर्नच्या वरच्या पट्टीत. नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुसरा जीव की प्राण म्हणजे फोटो. जाऊ तिथं स्वतःचा एक फोटो काढून घेणार आणि लगेच बायकोला पाठवणार. "तिला वाटतं मी ऑफिसात झोपा काढतो," म्हणायचे. माणूस मोठा गोड होता. डब्यात जे असेल ते आधी आमच्यापुढं करायचा.

तर एका फेब्रुवारीत आम्ही नरखेड तालुक्यात निघालो. त्या भागातून दोन गावांच्या शाळांची नावं आली होती आणि त्या वर्षी काम एकाच शाळेचं बसणार होतं. दोन्हीकडच्या इंजिनिअरनं इमारत धोक्याची आहे असं कळवलं होतं. आमच्या कार्यालयानंही दोन्ही गावांना निरोप धाडला होता की राज्याचं मंडळ शाळा पाहायला येत आहे. हा निरोपच पुढं आमच्या अंगाशी आला.

पहिल्या गावात गेलो तर भिंतीला ही भगदाडं! खाली प्लास्टरचा ढीग. अध्यक्षांनी त्यातला एक तुकडा उचलला, कडा बघितल्या, भिंतीवरची खूण बघितली आणि म्हणाले, "ही भिंत काल फोडली आहे. सब्बलीनं." सब्बल म्हणजे पहार.

"नाही जी साहेब," गावातले एक पुढारी म्हणाले. "वाऱ्यानं पडली."

"वारा काय सब्बल घेऊन आला होता?" मी म्हटलं. पुढारी आभाळाकडं बघायला लागले.

जीपमध्ये अध्यक्ष चेहरा आंबट करून बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मृग बहाराची फळं झाडावर अशी लगडलेली, पण यांचं लक्षच नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "खालून येणारे सगळे अहवाल असेच असणार. धोका, धोका म्हणायचं आणि सब्बल मारायची." मी म्हटलं, एका गावावरून साऱ्या मुलखाला बोल लावू नका. त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढला आणि झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या गावाच्या फाट्यावर एक बाई मोटरसायकलवर आमची वाट बघत होती. पदर कमरेला खोचलेला, काटक अंग, रापलेला चेहरा. "जय भीम, रामराम, नमस्कार, ज्यायले जे चालते ते घ्या जी," असं हसून म्हणाली आणि गाडीला किक मारून आमच्या पुढं निघाली. ही शाळा समितीची अध्यक्ष, म्हणजे मुलांच्या आईबापांनी आपल्यातून निवडलेली पुढारीण. गाव तिला ताई म्हणत होतं, मीही इथं ताईच म्हणते. स्वतःची थोडी संत्र्याची बाग होती, आणि आवाज असा की गावाला लाउडस्पीकरचा खर्च नाही.

शाळेसमोर आलो आणि बाप्पा बाप्पा, काय तो थाट! अंगणात सडा, रांगोळ्या, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. मुलांचं लेझीम. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, खाली निळा पट्टा. आत गेलो तर मागच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, संत्र्याचं झाड काढलेलं. पानापानांत फळं, खाली टोपल्या, वर पोपट. सकाळपासून आंबलेला अध्यक्षांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"कोणी काढलं हे?"

"आमच्या गावचा पेंटर हाय जी," ताई म्हणाली.

"छान आहे. खोड मात्र वाकडं काढलं."

"संत्र्याचं खोड वाकडंच राह्यते जी साहेब."

अध्यक्ष चक्क हसले. त्यांनी पुढच्या भिंतीला ओळंबा सोडला, सरळ. दाराच्या चौकटीला सोडला, सरळ. मागच्या भिंतीकडे वळणार तोच मुख्याध्यापक शाल आणि नारळ घेऊन आडवे आले. हे मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण आल्यापासून त्यांना घाम फुटलेला होता. मला वाटलं, साहेब लोक आले म्हणून असेल. पाठोपाठ सोललेल्या संत्र्यांची ताटं आली. लेखाधिकारी साहेबांनी झाडाला पाठ लावून, एक पाय भिंतीला टेकवून, ऐटीत फोटो काढून घेतला. मग पाहणीच्या कागदावर लिहून मोकळे झाले: स्थिती उत्तम.

"माझ्या वाडीच्या घरापेक्षा ही शाळा चांगली आहे," ते म्हणाले. "यादीतून काढायला हरकत नाही."

"सकाळचाच प्रकार," अध्यक्ष म्हणाले. "अहवालात धोका, जागेवर काही नाही. फरक इतकाच की इथले लोक प्रामाणिक आहेत, यांनी सब्बल मारली नाही." आणि त्यांनी ओळंबा गुंडाळून खिशात टाकला.

मला साहेबांच्या गप्पांत रस नसतो. मी वर्गात जाऊन बसते, ती माझी जुनी खोड. झाडाच्या त्याच खोलीत पाचवीचा वर्ग होता, मुलं सतरंजीवर बसलेली. मी पाढे विचारले, कविता म्हणून घेतली, आणि मग काहीतरी खटकायला लागलं. आधी कळेना काय ते. मग ध्यानात आलं. सगळा वर्ग पुढच्या अर्ध्या खोलीत दाटीवाटीनं, गुडघ्याला गुडघा लावून बसलेला, आणि मागची अर्धी खोली रिकामी.

आता ज्यानं खाली बसवलेला वर्ग शिकवला आहे त्याला विचारा, मागची भिंत म्हणजे काय चीज असते. तिथं पाठ टेकता येते, बाईंची नजर पोचत नाही, चिंचा खाता येतात. त्या जागेवरून पोट्टे डोकी फोडतात. जन्मभर मी मुलांना तिथून उठवून पुढं आणलं. आणि इथं एवढं देखणं झाड काढलेली भिंत, सावली, आणि टेकायला एक पोट्टा नाही!

"चला, सरका मागे," मी म्हटलं. "मोकळं बसा. झाडाखाली."

कोणी हललं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, मी आवाज चढवला. माझ्या त्या आवाजाला पार शिक्षणाधिकारीसुद्धा उठून उभे राहिले आहेत. मुलं नुसती एकमेकांना आणखी चिकटली. इतकी शहाणी, सांगितलेलं सगळं करणारी मुलं, आणि एवढी एक गोष्ट करेनात.

"राहू द्या जी बाई," दारातून ताई घाईनं म्हणाली. "पोट्टे लाजून राहिले."

लाजलेलं पोर आणि भ्यालेलं पोर यांतला फरक मला कळतो. मी उठले आणि सरळ शाळेच्या मागं गेले. तिथं भिंतीला लागून पऱ्हाटीचे, म्हणजे वाळक्या कापसाच्या झाडांचे, भारे पार वरपर्यंत रचलेले. सरपणाला पऱ्हाटी घरामागं रचतात, शाळेमागं कोण रचतं? मी दोन भारे ओढले. आत लाकडाच्या बल्ल्या होत्या, भिंतीला टेका दिलेल्या. आणि ती भिंत, काय सांगू, पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती.  आत तिच्यापासून काही हातांवर मुलं बसली होती.

ताई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. माझा पारा चढला की शाळेतली भाषा पळून जाते आणि घरची येते.

"काहून वं, हे काय आहे?"

"पऱ्हाटी हाय जी."

"पऱ्हाटी मलेही दिसून राहिली. तिच्या मांगं काय आहे ते सांग."

तिनं ओढलेला भारा पुन्हा भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "पाहुणे येऊन राहिले होते जी. पाहुण्यायले फुटकी भिंत दाखवाची का?"

"अवं माय, आम्ही फुटकी भिंतच पाहाले आलो होतो!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. खरंच सांगते, तिला ते कळतच नव्हतं. "तुले कोणी सांगतलं नाही आम्ही कशाले येतो ते?" मी विचारलं. "सांगतलं ना," ती म्हणाली, "शाळा पाहाले."  निरोपात तेवढंच होतं.

मग तिनं सगळं सांगितलं. मागं एकदा साहेब लोक आले होते, स्वच्छ शाळेचे मार्क द्यायला. त्यांनी या भिंतीकडे पाहून नाक मुरडलं, काय ही शाळा म्हणाले, आणि पाणीसुद्धा न घेता गेले. गाव लाजेनं मेलं. "मंग या खेपेले निरोप आला, राज्याचं मोठं मंडळ येऊन राहिलं. म्या घरोघरी गेली जी. कोणं चुना देल्ला, कोणं रंग देल्ला. बायायनं भेगेत माती कोंबली, वरून शेणानं लिपलं. पेंटरनं भेगेवरच खोड काढलं, म्हणे आता कोणाच्या बापाले नाही दिसत. सर नको म्हणत होते, मीच नाही ऐकलं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुही मूठ तं मस्त झाकली," मी म्हटलं. "साहेबानं 'उत्तम' लिहिलं. तुह्या शाळेचं नाव कटलं यादीतून. आता खोली नाही भेटत, ना या साली ना पुढच्या. अन् ही भिंत पावसाळा काढत नाही. मंग शाळा बंद करतीन अन् पोट्टे दुसऱ्या गावाले पाठवतीन."

ती पऱ्हाटीच्या भाऱ्यावर मटकन बसली. "माय वं," एवढंच म्हणाली. तो मोठा आवाज कुठं गेला कोणास ठाऊक. "ते गाव नाल्याच्या तिकडं हाय जी. मी चौथीतून घरी बसली, काहून तं पुढची शाळा तिकडंच होती. नाला भरला, बापानं दप्तर खुंटीले टांगलं, ते टांगलंच राह्यलं. इथं सातवीपर्यंत वर्ग आणाले किती चकरा मारल्या म्या. माही पोरगी आता पाचवीत हाय. आतमधी बसली हाय ना, तुमी कविता म्हणाले लावली ते."

"आणि ती काहून नाही बसत मागं?"

"म्या सांगतलं जी साऱ्यायले. आता लिपलं, रंगवलं, बसा बिनघोर. एकही नाही बसला." तिनं पदरानं डोळे पुसले. "पोट्टे तं पोट्टे, माही पोरगी नाही बसली."

मला तिचा संताप आला होता आणि तितकंच तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. आमचे आजोबा नागपुरात धम्माची दीक्षा घेऊन घरी परतले तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं, तर घरातल्या पोरींना शाळेत घातलं. माझी आई तिथं एका कोपऱ्यात भिंतीला टेकून शिकली आणि त्या भिंतीचं नाव ती मरेपर्यंत काढायची. मी ताईचा हात धरून तिला उठवलं. म्हटलं, आता मूठ उघडावी लागते, बाई.

"साऱ्यायच्या समोर?"

"साऱ्यायच्या समोर."

"माह्या गावाची इज्जत जाईन जी."

"भिंत पडली तं काय जाईन, ते सांग."

तिनं साडी झटकली आणि पुढं चालायला लागली. आत साहेब लोक जेवायला उठण्याच्या बेतात होते, हात धुवायला पाण्याची बादली आणून ठेवलेली होती. ताईनं ती बादली दोन्ही हातांनी उचलली. "साहेब, सरका जरा," म्हणाली आणि सगळं पाणी त्या झाडाच्या खोडावर फेकलं.

"अहो, अहो, काय करता!" लेखाधिकारी साहेब ओरडले.

संत्री ओघळली, पोपट ओघळला, मागून ओली माती थपथप खाली आली. वरपासून खालपर्यंत भेग उघडी पडली. ताईनं बाहेरच्या माणसांना हाक मारली, "हटवा गा ते पऱ्हाटी!" भारे हटले आणि भेगेतून उजेड आत आला. पलीकडचं तुरीचं शेत दिसत होतं. खोलीत पाणी टपकल्याचा तेवढा आवाज होता. गावातली माणसं माना खाली घालून उभी होती आणि मुख्याध्यापक कोपऱ्यात लहान मुलासारखे रडत होते.

अध्यक्षांनी खिशातून ओळंबा काढला. मागच्या भिंतीला वरून सोडला. वर दोरा भिंतीला लागून आणि खाली पितळी वजन मात्र भिंतीपासून इतकं लांब लोंबकळत होतं, की बघवेना. भिंत आपल्याच वजनानं मागं फुगली होती. मी त्या माणसाला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते ओरडले, "पोरं बाहेर! आधी पोरं बाहेर काढा, मग बाकी सगळं!"

जेवण मग कडुलिंबाखाली झालं. विस्तवावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी, मुलं आणि आम्ही एकाच पंगतीत. ताई वाढत होती, पण मान वर करत नव्हती. अध्यक्षांसमोर आली तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुम्ही मला फसवलं."

"हो जी."

"हं. आणखी एक रोडगा वाढा."

परत येताना जीपमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. "मी खोड वाकडं म्हणून हसलो," एकदम म्हणाले, "आणि ओळंबा खिशात ठेवला." मी पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडले नाही.

पण गोष्ट इथंच संपती तर मग आमचं मंडळ कसलं! पुढच्या बैठकीत लेखाधिकारी साहेब अडून बसले. मन वाईट आहे म्हणाले, पण नियम आहे. एक तर 'उत्तम' असा शेरा लिहून झाला, खाली सही झाली. दुसरं, नुकतीच रंगरंगोटी झालेली इमारत नव्या बांधकामाला धरता येत नाही. गावानं स्वतःहून रंग दिला, त्याला मंडळ काय करणार?

"पोट्टे भिंतीखाली मेले म्हणजे कोणता नियम लावणार?" मी टेबलावर हात आपटला. चहाचे कप हलले. "नियम काय त्या भिंतीला टेका देणार?"

"मॅडम, चिडून उपयोग नाही. शेरा लिहिला तेव्हा इमारत भक्कमच दिसत होती. पुरावा म्हणून हा माझ्याकडे फोटोसुद्धा आहे." त्यांनी फोन काढला, फोटो शोधला, आमच्यापुढं धरण्याआधी स्वतः बघितला. आणि बघतच राहिले. झाडाला पाठ लावून, एक पाय भिंतीवर रोवून, पोट पुढं काढून ते उभे होते. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. खोड बरोबर त्यांच्या डोक्यामागून वर गेलेलं होतं.

"पूर्ण वजन टाकून टेकलो होतो हो मी," ते हळूच म्हणाले. वाडीचा आवाज पार बसला होता. "हा फोटो बायकोला पाठवला. तिनं तो देवघराशेजारी लावला."

 त्यांनी पाहणीचा कागद मागून घेतला, आपल्या हातानं 'उत्तम'वर काट मारली, आणि जे लिहायला बसले ते आमचा चहा थंड झाला तरी लिहीतच होते. नियमातून वाट कशी काढायची हे नियम पाळणाऱ्यालाच ठाऊक असतं. मंडळानं त्या शाळेचं नाव सुचवलं. सकाळच्या गावाची भिंत तशी धड होती, छप्पर मात्र खरंच गळत होतं, ते लेखाधिकारी साहेबांनी आपणहून दुरुस्तीच्या यादीत घातलं. सब्बलवाल्यांवर त्यांचा राग होता, पण पोट्ट्यांवर नव्हता.

मंजुरी यायला वेळ लागला, तो लागतोच. तोवर वर्ग कडुलिंबाखाली आणि पावसात देवळाच्या मंडपात भरले. काम सुरू झालं तसे अध्यक्ष एसटीनं तिकडं जायला लागले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सल्लागाराचं ते कामही नव्हे. काळी माती कपाशीला आई आणि भिंतीला सवत, म्हणायचे. पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरची भिंत फाडते. ती माती संपेपर्यंत त्यांनी पाया खणायला लावला. परत येताना दर वेळी संत्र्यांची पिशवी असायची. मी म्हणायची, लाच घेऊन राहिले का? ते त्यातली चांगली फळं मला काढून द्यायचे.

संत्री पुन्हा झाडावर पिकली तेव्हा आम्हाला उद्घाटनाचं बोलावणं आलं. ताई फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभी होतीच. नवी कोरी साडी, केसांत शेवंती, चेहरा नुसता फुललेला. पुन्हा रांगोळी, पुन्हा तोरण, पण या खेपेस तिनं आम्हाला आधी शाळेच्या मागं नेलं आणि मोकळी भिंत दाखवली. "पाहून घ्या जी, काही झाकलं नाही," म्हणाली. अध्यक्षांनी ओळंबा सोडला. दोरा आणि वजन भिंतीलगत सरळ उभे. ताईनं त्या दोऱ्याला हात जोडले. आत मागची भिंत कोरी ठेवली होती. पेंटर विचारत होता, झाड काढू का? ताईनं त्याला दम दिला होता की आधी साहेब पाहतीन, मग.

फीत कापली. मुलं आत शिरली, सतरंजीवर बसली. आणि बघते तो काय, सगळी पुढच्या अर्ध्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून. मागची अर्धी खोली रिकामी.

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बसा ना मांगं," ती म्हणाली. "अरे, नवीन हाय ही. लोखंड टाकलं हाय आतमधी. म्या पाहिलं हाय माह्या डोयानं." कोणी हललं नाही. तिनं आपल्या पोरीकडे पाहिलं. पोरगी खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत राहिली. मागच्या खेपेस याच आईनं असंच सांगितलं होतं, की आता काही होत नाही, बसा.  आम्ही खोली बांधून दिली होती, पण हा भरवसा बांधून देणं आमच्या हातात नव्हतं.

ताईनं हार-तुरे घेतलेल्या बायकांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग नव्या साडीनिशी मुलांमधून वाट काढत ती मागं गेली, भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली, आणि डोकंसुद्धा मागं टेकवलं. कोणाला हाक मारली नाही. डोळे मिटून नुसती बसून राहिली, पाहुणे खोळंबले तरी उठेना.

मग मी गेले. गुडघ्यांना शिव्या देत तिच्याशेजारी बसले. अध्यक्ष आले, त्यांनी दुपट्टा अंथरला आणि भिंतीला टेकले. लेखाधिकारी साहेब आधी भिंतीवर हात फिरवून आले, पण आले. सल्लागार मंडळ असं ओळीनं भिंतीला पाठ लावून बसलं, आणि सभा तशीच थांबली.

बऱ्याच वेळानं ती पोरगी उठली. वही छातीशी धरून मागं आली, आईकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मग आईच्या आणि अध्यक्षांच्या मधल्या फटीपाशी उभी राहिली.

"सरका ना जी आबाजी," ती अध्यक्षांना म्हणाली. "मले टेकाले जागा द्या."

अध्यक्ष सरकले. ती बसली, पाठ टेकवली. आणि लगेच पुढून दोन पोट्टे धावत आले, कोपऱ्यासाठी एकमेकांना ढकलायला लागले, मी पहिले आलो, मी पहिले आलो. मी त्यांना बिलकूल रागावले नाही.